कानामागचे फूल

काही वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटच्या प्रकरणात आमच्या सातारा भागातला एक शिपाई परमुलखात मरतो, आणि मरता मरता पाऊण पान बोलतो. मातृभूमी, आई, गावची नदी, शेतातला आंबा, असे सारे काही त्या पाऊण पानात मी कोंबले होते. ते पान मला स्वतःला फार आवडत असे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी ते दोनदा वाचूनही दाखवले.

आमच्या आळीत एक पेन्शनर हवालदार राहतात. त्यांनी ती कादंबरी नातीकडून वाचून घेतली आणि एका संध्याकाळी पुस्तक परत करायला आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "गुरुजी, बुक झ्याक हाय. पर मरताना मानूस येवढं बोलत न्हाई."

मी जरा चिडूनच विचारले, "मग काय असते त्याच्या मनात?"

"मरताना काय असतंय त्ये मेलेल्यालाच ठावं. पर त्येच्या आधी दोनच गोष्टी असत्यात. पगार घरला पोचला का, आन् बूट."

मी हसण्यावारी नेले. पण शब्द मनात कुसळासारखे रुतून बसले. पुढे पुण्याला गेलो असता अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात पहिल्या महायुद्धातल्या इंग्रजी कवितांचा एक फाटका संग्रह हाती लागला. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. डिक्शनरी मांडीवर घेऊन कविता वाचायची म्हणजे कंदील घेऊन विहिरीत उतरण्यासारखेच. पायरी दिसते, पाणी दिसत नाही. तरीही त्या संग्रहात एका कवीपाशी मी थांबलो. हवालदारांनी जे सांगितले होते ते या माणसाने शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. त्याचे नाव आयझॅक रोझेनबर्ग. इंग्लंडच्या फौजेतला हा साधा शिपाई १ एप्रिल १९१८ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, फ्रान्समध्ये अरास शहराजवळ मारला गेला.

त्या युद्धातले इंग्रजी कवी म्हटले की तीन नावे आधी घेतली जातात. रुपर्ट ब्रुक, सिगफ्रिड ससून आणि विल्फ्रेड ओवेन. यांतला ससून आपल्याला अगदीच परका नाही. पुण्यातले रुग्णालय आणि मुंबईतली गोदी ज्या घराण्याच्या नावाने ओळखली जाते, त्या डेव्हिड ससून यांचा हा पणतू. हे तिघेही अधिकारी होते. त्यांच्या कवितेत इंग्लंड ठायी ठायी आहे. ब्रुकच्या कवितेत ते देव्हाऱ्यात बसलेले आहे, तर ससून आणि ओवेन यांच्या कवितेत त्याने आपल्याच पोरांचा विश्वासघात केलेला आहे. पण विश्वासघाताची वेदना व्हायला आधी विश्वास असावा लागतो. रोझेनबर्गच्या कवितेत हे इंग्लंड जवळजवळ नाहीच, आणि का नाही, हे समजायला त्याच्या घरात डोकावले पाहिजे.

त्याचा बाप बार्नेट लिथुआनियातला यहुदी. तो मुलूख तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. झारच्या फौजेतली सक्तीची भरती चुकवण्यासाठी बापाने देश सोडला, आणि इंग्लंडात येऊन तो फेरीवाला झाला. आयझॅकचा जन्म २५ नोव्हेंबर १८९० चा, ब्रिस्टल गावातला. पुढे १८९७ मध्ये हे बिऱ्हाड लंडनच्या पूर्व भागात, परागंदा यहुद्यांच्या गजबजलेल्या वस्तीत आले. (यहुदी म्हणजे कोण, हे आम्हां मराठी माणसांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. कोकणातले शनवार तेली आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. पण युरोपातल्या यहुद्याच्या पाठीमागे जे लागलेले असे ते त्यांच्या वाट्याला इथे आले नाही.) घरात भाषा यिडिश, इंग्रजी रस्त्यावर आणि शाळेत. शाळेच्या हेडमास्तरांनी पोराचा चित्रकलेतला हात ओळखला आणि त्याला चित्रे काढायला, लिहायला मोकळीक दिली. त्या हेडमास्तरांविषयी वाचताना मला, खोटे कशाला सांगू, थोडा हेवा वाटला. वर्गात पाटीमागे चित्रे काढणारी पोरे माझ्याही हाताखालून गेली आहेत, आणि मी त्यांना पाढे म्हणायला लावले आहेत.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली. छपाईचे ठसे करणाऱ्या कारखान्यात उमेदवारी आली. रात्री चित्रकलेचे वर्ग, व्हाइटचॅपलच्या वाचनालयात कविता. १९११ मध्ये तीन यहुदी स्त्रियांनी फीचा भार उचलला म्हणून स्लेड या नावाजलेल्या कलाशाळेत त्याचा प्रवेश झाला. १९१२ साली त्याने स्वखर्चाने कवितांची चिमुकली पुस्तिका काढली. स्वतःचे पुस्तक पदरमोड करून छापणाऱ्या लेखकाचे दुःख मी जाणतो. त्यावर अधिक लिहीत नाही.

छाती कमजोर, म्हणून १९१४ च्या जूनमध्ये तो दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला बहिणीकडे गेला. बाप जसा एक देश सोडून दुसऱ्यात आला तसाच पोरगाही तिसऱ्या देशात नशीब काढायला निघाला होता. तिथेच युद्धाची बातमी कळली आणि त्याने एक कविता लिहिली. ती ऐन उन्हाच्या देशात आकाशापासून मातीपर्यंत बर्फ पडल्याची कविता आहे. युद्धाला गारठा म्हणणे ही त्याची स्वतःची दृष्टी. पण कवितेच्या शेवटी तोही त्या काळच्या समजुतीला शरण जातो, की ही आग सारे जाळील आणि जग पुन्हा कोवळे होईल. अशी समजूत घरात बसूनच टिकते. १९१५ मध्ये तो लंडनला परतला. चित्रे खपेनात, कविता कोणी छापेना. आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, घरी न सांगता, तो फौजेत भरती झाला.

का झाला? हे त्याने स्वतःच पत्रातून निःसंकोचपणे सांगितले आहे. देशभक्ती म्हणून तो गेला नाही. कोणतेही युद्ध समर्थनीय आहे असे त्याला वाटत नव्हते. पण शिपायाच्या घरी काही रक्कम मिळत असे, ती आईला मिळेल, हा त्याचा हिशेब होता. घर टॉल्स्टॉयची शिकवण मानणारे. बापाने फौज चुकवण्यासाठी देश सोडला, आणि त्या परक्या देशात पोराने आईला चार पैसे मिळावेत म्हणून फौज धरली! कादंबरीकाराने असे कथानक रचले तर आपण त्याला कृत्रिम म्हणू.

उंची कमी भरल्यामुळे त्याला बुटक्या माणसांच्या खास पलटणीत घेतले गेले. लान्स कॉर्पोरलची पट्टी देऊ केली ती त्याने नाकारली. तो विसरभोळा होता आणि फौजेत विसरभोळेपणाला शिक्षा असते. बूट मापाचे नसल्यामुळे टाचा सोलून निघत. १९१६ च्या जूनमध्ये तो फ्रान्सला पोचला, आणि त्यानंतरची पावणेदोन वर्षे, एक रजा आणि काही आजारपण वगळता, त्याने खंदकात काढली.

इथवर जे सांगितले त्याने वाचकांच्या मनात कणव आली असेल. माझी तक्रार नेमकी त्या कणवेविरुद्ध आहे. रोझेनबर्गवर लिहिणारे पुष्कळ जण "बिचारा" या शब्दाच्या आधाराने त्याच्या कवितेपर्यंत येतात; बिचारा गरीब, बिचारा बुटका, बिचारा यहुदी, आणि म्हणून कविता चांगली. हा न्याय नव्हे. गरिबीने कविता होत असती तर आमच्या तालुक्यात कालिदासांची रांग लागली असती! कवितेकडे कविता म्हणूनच पाहिले पाहिजे.

त्याची सर्वांत गाजलेली कविता खंदकातल्या पहाटेची आहे. ती १९१६ च्या डिसेंबरात अमेरिकेत, शिकागोच्या 'पोएट्री' मासिकात छापून आली. प्रसंग इतका लहान आहे की गद्यात सांगितला तर कोणी ऐकणार नाही. उजाडते आहे. पहाऱ्यावरचा शिपाई खंदकाच्या कडेवर उगवलेले तांबड्या खसखशीचे फूल खुडून कानामागे खोवतो आहे. तेवढ्यात एक उंदीर त्याच्या हाताला चाटून जातो. बस्स. शिपाई मग त्या उंदराशी बोलू लागतो. त्याचे म्हणणे असे, की गड्या, तुला आपला-परका नाही हे जर कोणाला कळले तर तुला गोळी घालतील. आत्ता तू या इंग्रजी हाताला शिवलास. मनात आणलेस तर मधले हिरवे रान ओलांडून जर्मन हातालाही शिवशील. धडधाकट, देखणी, ताठ शरीराची माणसे इथे पडली आहेत, आणि जगण्याची संधी त्यांच्यापेक्षा तुलाच अधिक आहे. आमच्या डोळ्यांत तुला काय दिसते ते सांग. शेवटी तो पुन्हा फुलाकडे येतो. या फुलांची मुळे माणसांच्या रक्तात गेलेली आहेत आणि ती गळत राहतात; पण माझ्या कानामागचे फूल सुरक्षित आहे, त्यावर जराशी पांढरी धूळ बसली आहे, एवढेच.

या कवितेत कोणी रडत नाही, कोणी कोणाला शाप देत नाही. उंदराशी बोलणे आहे ते थट्टेच्या सुरात, दोन ओळखीची माणसे पारावर बोलावीत तसे. आणि ही थट्टाच मला कवितेतली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. ज्याचा बाप सरहद्द ओलांडून आला, जो स्वतः समुद्र ओलांडून गेला आणि परत आला, त्यालाच उंदराच्या सरहद्द ओलांडण्यात एक नाते दिसणार. ब्रुकला तो उंदीर दिसला नसता, दिसता तरी त्याने तो कवितेत येऊ दिला नसता. ओवेनने उंदराला पाहिले असते आणि त्याचे हृदय पिळवटून निघाले असते. रोझेनबर्ग मात्र त्याला मान देतो. या मुलखात खरा मोकळा नागरिक कोण असेल तर हा, असे त्याला वाटते. आणि ते वाटणे कवितेत कुठेही मोठ्या आवाजात येत नाही.

मराठी वाचकाला उंदीर म्हटले की मर्ढेकर आठवणारच. १९४७ च्या 'कांही कविता' या संग्रहातल्या त्या पिपातल्या उंदरांनी आपल्या कवितेची शांत झोप मोडली. पण दोन्ही उंदरांत फरक आहे. मर्ढेकरांचे उंदीर मेलेले आहेत आणि ते म्हणजे आपणच. त्यांच्याकडे पाहताना आपला जीव गुदमरतो. रोझेनबर्गचा उंदीर जिवंत आहे आणि तो आपण नव्हे. तो आपल्याकडे पाहून दात विचकतो आणि पुढे जातो. एका कवीने माणसाला उंदराच्या जागी बसवले, दुसऱ्याने उंदराला माणसाच्या वर. मर्ढेकर माझे अधिक जवळचे, भाषेमुळे. पण रोझेनबर्गची ती तिरकस नजर मी मराठीत फारशी पाहिलेली नाही.

त्याची दुसरी एक कविता उवा मारण्याची आहे. उवा! आपल्या काव्यात भुंगा, कोकिळा, मयूर यांना पिढीजात वतने आहेत. उवेला कोणी जागा दिली आहे? एक शिपाई शिव्या देत अंगातला सदरा फाडून काढतो आणि मेणबत्तीवर धरतो. मग सगळेच उघडेनागडे उठून शिकारीला लागतात आणि भिंतीवर त्यांच्या छाया राक्षसांसारख्या नाचू लागतात. इथे चित्रकार आणि कवी एकत्र आले आहेत. प्रकाश कुठून येतो, छाया किती मोठी पडते, हात कुठे वाकतो, हे त्याने आधी डोळ्यांनी मांडले आणि मग शब्दांत. हसू येते, आणि हसता हसता लक्षात येते की ही माणसे उद्या कदाचित नसतील. ते कवीने सांगितलेले नाही.

चंडोलांची कविताही अशीच. थकलेले शिपाई रात्री तळावर परतत आहेत, वाटेत मरणाची टांगती भीती, आणि अंधारातून वरून काहीतरी बरसते: न दिसणाऱ्या पाखरांचे गाणे. मरणही तसेच वरून पडू शकले असते, पडले गाणे. इतकेच सांगून तो थांबतो.

आता दोषांविषयी. ते आहेत, आणि लपवण्यात अर्थ नाही. 'मोझेस' नावाचे त्याचे पद्यनाट्य १९१६ साली स्वखर्चाने छापलेले. ते मी तीन बैठकांत कसेबसे संपवले. शब्दांवर शब्द रचलेले, प्रतिमेच्या खांद्यावर प्रतिमा. वाट सापडत नाही. एडवर्ड मार्श या त्याच्या हितचिंतकाने त्याला दुर्बोध म्हटले, ते काही अगदीच खोटे नव्हते. तरी याच मार्शने त्या नाटकातला एक उतारा आपल्या 'जॉर्जियन पोएट्री'च्या संग्रहात घेतला, हे त्याच्या रसिकतेला शोभणारे. मेलेल्यांच्या ढिगावरून जाणाऱ्या गाड्यांची जी मोठी कविता आहे तिच्यातही हा दोष डोकावतो. १९१७ मध्ये काटेरी तारेची भेंडोळी गाड्यांवर चढवून पुढे नेण्याचे काम त्याच्याकडे होते. रस्त्यावर प्रेते पडलेली, चाके त्यांच्या हाडांवरून जातात. हे सारे पहिल्याच कडव्यात आपल्या कानांत करकरते. पण मध्येच तो पृथ्वी, आत्मा, ईश्वर यांना साद घालू लागतो, आणि तेवढा वेळ गाडा थांबतो. शेवटी मात्र तो भानावर येतो. एक घायाळ शिपाई दुरून चाकांचा आवाज ऐकतो, गाडा आपल्यापर्यंत पोचेल का म्हणून जीव धरून ठेवतो. गाड्यावरच्यांना त्याची किंकाळी ऐकू येते. ते वळण घेऊन येतात, आणि चाके त्याच्या मेलेल्या चेहऱ्याला घासून जातात. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. माझे ते पाऊण पान आठवले. माझा शिपाई मरताना बोलत होता, कारण मला बोलायचे होते.

त्याच्या दुर्बोधतेला मी पूर्ण दोषही देणार नाही. साधी कविता कशी असावी याविषयी त्याने एका पत्रात जे लिहिले त्याचा मथितार्थ असा, की ती समजावी आणि तरी मुठीत सापडू नये. घरी एक भाषा आणि दारात दुसरी असलेला माणूस शब्द असा हाताळतो, जणू बाजारात नाणे वाजवून घेतो आहे. जन्मतःच ज्यांच्या खिशात ती नाणी होती त्यांना हा खणखणाट उगाच वाटतो. मला वाटला नाही. मीही ती भाषा डिक्शनरीतून मोजून घेणाराच.

आणि हे सारे त्याने कुठे लिहिले? चिठोऱ्यांवर, पेन्सिलीने. चिठोरी घरी जात, बहीण ॲनी ती टाईप करून ठेवी. मध्यंतरी कविता घरी पाठवायलाच बंदी झाली, कारण असली रद्दी तपासत बसायला सेन्सॉरला सवड नव्हती! तरी लॉरेन्स बिन्यन या कवीला त्याने कळवले होते, की या युद्धाला मी माझ्या कवितेवर स्वार होऊ देणार नाही. जे काही नवे, विचित्र येईल ते अंगात मुरवून घेईन. ब्रुकची सुनीते त्याला आवडत नसत. घासून गुळगुळीत झालेले शब्द, असे त्याचे मत. युद्धाकडे अधिक थंडपणे पाहिले पाहिजे, असे तो म्हणे.

शेवटी शेवटी त्याला यहुद्यांच्या स्वतंत्र पलटणीत बदली हवी होती. २८ मार्च १९१८ ला त्याने मार्शला पत्र लिहिले आणि सोबत नवी कविता घातली. तिच्यात पहिल्यांदाच त्याचा देश येतो, पण तो इंग्लंड नव्हे. थंड, फिकट दिवसांतून तीन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे वर येतात आणि हरवलेल्या मायभूमीची तळी आणि डोंगर शोधतात. बापाच्या, आजाच्या कोणत्याच देशात जे सापडले नाही ते तो त्या कवितेत शोधत होता. त्या पत्रावर टपालाचा शिक्का पडला २ एप्रिलचा. लिहिणारा आदल्या दिवशी गेला होता.

पुढे १९२२ मध्ये गॉर्डन बॉटम्ली यांनी त्याच्या कविता संपादून छापल्या, प्रस्तावना बिन्यनची. १९३७ च्या समग्र आवृत्तीला दोन शब्द लिहिले ससूनने. १९८५ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत पहिल्या महायुद्धातल्या सोळा कवींच्या नावांची शिळा बसली, तिच्यात त्याचेही नाव आहे. फ्रान्समधल्या त्याच्या थडग्यावर यहुद्यांचा तारा आहे आणि तो या जागेजवळ पुरला गेला असे लिहिले आहे. नेमका त्याच जागी, असे म्हणण्याची सोय नाही. नावाखाली कलावंत आणि कवी ही ओळख आहे. आमच्या भागात काही गावांत इंग्रजांनी बसवलेल्या पाट्या अजून आहेत: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, पैकी इतके मेले. आकडा आहे, नाव एकाचेही नाही.

परवा हवालदार ओट्यावर आले तेव्हा मी त्यांना ही सारी हकीकत सांगितली. उंदराची कविता जमेल तशी मराठीत करून ऐकवली. उंदराशी तो बोलतो तिथे ते मोठ्याने हसले; "खरं हाय, उंदीर लई धीट असत्यात तिथं," म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. सुपारी कातरत राहिले.

"बूट मापाचं हुतं का वो त्येचं?" त्यांनी विचारले.

"नव्हते," मी म्हणालो. "टाचा सोलत असत, असे त्याने पत्रात लिहिले आहे."

"मग लिव्हनारा खरा हाय," म्हणाले, आणि सुपारीचे खांड माझ्या हातावर ठेवले.